ई-चलान व परवाना निलंबन (सांडोर, ता. वसई)

सांडोर हे वसई-विरार महापालिका क्षेत्रातील गाव सेंट थॉमस चर्चमुळे ओळखले जाते. येथील वाहनांची नोंदणी व चालकांचे परवाने वसईच्या आरटीओकडे असतात (क्रमांक एमएच ४८, जुन्या गाड्यांवर ठाण्याचा एमएच ०४ अजून दिसतो). रस्त्यावरील कारवाई मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा करते. हे आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८. त्यातील मोठी दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून देशात लागू झाली. महाराष्ट्राने वाढीव दंड तेव्हा लगेच स्वीकारला नाही. तडजोड शुल्काचे (खटल्याऐवजी भरायच्या रकमेचे) सुधारित दर डिसेंबर २०२१ मध्ये आले. म्हणून कायद्यात हेल्मेटसाठी १,००० रुपये लिहिलेले असले, तरी राज्यात ५०० रुपयांवर तडजोड होते.

दंड भरणे : चलान मालकाच्या नोंदणीकृत मोबाइलवर येते. त्यात गाडीचा व चलानाचा क्रमांक, ठिकाण, वेळ, कलम आणि रक्कम असते; कॅमेऱ्याने पकडले असल्यास फोटोही असतो. रक्कम महाट्रॅफिक अॅपवर, राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा वाहतूक पोलिसाकडील यंत्रावर भरता येते. कलम २०० खाली अशी तडजोड झाली की त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्यास (कलम १८५) मात्र तडजोड नाही, न्यायालयात जावेच लागते. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. गाडी विकूनही नावावरून उतरवली नसेल, तर नव्या माणसाची चलाने जुन्या मालकालाच येत राहतात. गाडी कोण चालवत होते हे पोलिसांनी विचारल्यावर सांगण्याची जबाबदारी कलम १३३ नुसार मालकाची आहे. व्हॉट्सअॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल आली तर ती उघडू नये. त्या मार्गाने बँक खाती रिकामी झाल्याच्या तक्रारी सर्वत्र आहेत.

परवाना : या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. दंड भरला म्हणजे प्रकरण मिटले, असे बहुतेक चालक धरून चालतात. वास्तविक दंड गाडीच्या क्रमांकावर लागतो आणि निलंबन माणसाच्या परवान्यावर. दोन्ही कारवाया वेगळ्या कार्यालयांत, वेगळ्या कलमांखाली होतात. अतिवेग, धोकादायक पद्धतीने चालवणे (यात सिग्नल तोडणे व हातात मोबाइल धरणे आले), मद्यपान, दुचाकीवर तिघे, हेल्मेट नसणे, रुग्णवाहिकेला वाट न देणे अशा प्रकारांत कलम २०६ (४) नुसार पोलीस परवाना ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात. पुढचा निर्णय कलम १९ (१-ए) खाली परवाना अधिकाऱ्याचा. चालकाचे म्हणणे ऐकून घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे. त्याला चालकाला मोकळे सोडता येते. कारवाई केलीच, तर पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता आणि पुन्हा तसेच घडल्यास परवाना रद्द. अपात्रतेच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. मुदत संपली की परवाना आपोआप परत मिळत नाही. चालकासाठीचे उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. सुनावणीची नोटीस आली आणि चालक गेलाच नाही, तर आपली बाजू मांडण्याची हक्काची संधी वाया जाते. जवळच्या पापडीपर्यंत बाजाराला विनाहेल्मेट जाणाऱ्यालाही हे सगळे लागू आहे, आणि मागे बसणाऱ्यासाठीही हेल्मेटची सक्ती आहेच.

या कडकपणाचे मूळ २०१९ च्या आधीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये अतिवेग, सिग्नल तोडणे, मद्यपान, मोबाइल, जादा भार आणि मालवाहू गाडीत माणसे नेणे यांसाठी किमान तीन महिने निलंबनाचे निर्देश राज्यांना दिले होते.

दोषगुण : प्रत्येक उल्लंघनाचे गुण परवान्यावर जमा करून ठरावीक मर्यादेला तो निलंबित करण्याची देशव्यापी पद्धत अद्याप अमलात नाही. २०१४ च्या रस्ते वाहतूक व सुरक्षा विधेयकाच्या मसुद्यात ती होती. २०१९ च्या दुरुस्तीत आली नाही. तेलंगणने १ ऑगस्ट २०१७ पासून बारा गुणांची पद्धत सुरू केली होती. आखातात नोकरी केलेल्या वसईकरांना संयुक्त अरब अमिरातीतील चोवीस काळे गुण परिचित असतात. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत बारा गुण झाले की सहसा परवाना जातो.

चलान अमान्य असल्यास : महाट्रॅफिकवर फोटोसह तक्रार करता येते. तेथे न सुटल्यास न्यायालय. वाहतूक प्रकरणांसाठी राज्यात आभासी न्यायालय ३१ ऑक्टोबर २०२० रोजी काटोल (जि. नागपूर) येथे सुरू झाले. थकीत चलाने राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरणे म्हणूनही घेतली जातात. तेथील निवाडा अंतिम असून त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्यापूर्वी यादीतील प्रत्येक चलान आपल्याच गाडीचे आहे का, हे पाहावे. सहा महिन्यांहून जुने, फक्त दंडाचे चलान मुदतबाह्य ठरते का, याबाबत मतभेद आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ चा आधार यासाठी घेतला जातो. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलानाविरोधात राज्यभर संप पुकारला होता.

अल्पवयीन चालक : कलम १९९-ए. पालक किंवा मालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.