महिंद्रा थार

महिंद्रा थार हे महिंद्रा अँड महिंद्रा या भारतीय कंपनीचे, खडतर रस्त्यांसाठी बनवलेले वाहन आहे. राजस्थानातील थारच्या वाळवंटावरून त्याला हे नाव मिळाले. पहिली पिढी २०१० साली व संपूर्णपणे नव्याने आखलेली दुसरी पिढी २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली. दुसऱ्या पिढीचे उत्पादन नाशिक येथील कारखान्यात होते. जुन्या जीपचे रूप कायम ठेवून तिला आजच्या सुरक्षा व प्रदूषणविषयक नियमांत बसवण्याचा भारतातील हा सर्वांत ठळक प्रयत्न होय.

पूर्वपीठिका

२ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने पोलादाच्या व्यापारासाठी ही कंपनी स्थापन झाली. १९४८ मध्ये तिने आजचे नाव धारण केले. त्याच सुमारास अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जीपगाड्यांची जुळणी मुंबईत माझगाव येथे सुरू झाली आणि पुढे परवान्याखाली येथेच उत्पादन होऊ लागले. त्यांपैकी सीजे-३बी या उंच बॉनेटच्या जीपचे अमेरिकेतील उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र तिच्या वंशजांनी त्यानंतरही अनेक दशके रस्ता सोडला नाही. १९८०च्या दशकातील एमएम ५४० ही प्युजो बनावटीच्या डिझेल इंजिनाची जीप याच परंपरेतील. पोलीस, वनखाते, पाटबंधारे, निवडणूक प्रचार आणि खेड्यापाड्यांतील वडाप अशा सर्व ठिकाणी ही गाडी दिसे. त्यामुळे महाराष्ट्रात 'जीप' हे विशिष्ट कंपनीचे नाव न राहता सामान्यनाम झाले.

पहिल्या पिढीची थार दिसायला या जुन्या जीपसारखीच होती. कापडी छप्पर, मागे समोरासमोर बाके आणि पाट्यांच्या स्प्रिंगा ही वैशिष्ट्ये तिने जपली. अडीच लिटरचे कॉमन रेल डिझेल इंजिन हे तिचे नवेपण. २०१९-२० मध्ये ब्रेकविषयक नियम, धडक चाचणीची अट आणि भारत स्टेज ६ हे प्रदूषणमान अशा तीन गोष्टी लागोपाठ आल्या. जुन्या आराखड्यावर याहून अधिक ठिगळे लावणे शक्य नव्हते. २०१९ मध्ये 'थार ७००' या नावाने अखेरच्या सातशे गाड्या काढून कंपनीने ही पिढी संपवली.

नवी रचना

दुसऱ्या पिढीचे बाह्यरूप रामकृपा अनंतन यांच्या नेतृत्वाखालील चमूने आखले. गोल दिवे, सपाट बाजू, बाहेरून दिसणाऱ्या बिजागऱ्या आणि मागच्या दारावरील जादा चाक हे सारे तसेच राहिले. शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर, म्हणजे लॅडर फ्रेमवर, वेगळी बॉडी बसवण्याची पद्धतही सोडली नाही. पुढे-मागे चारही चाकांना शक्ती देणारा आणि वेगळ्या दांडीने 'लो' गिअर टाकता येणारा ट्रान्सफर केसही जागेवर आहे. जीपची ओळख दिव्यांपेक्षा या दांडीत अधिक आहे, असे मानणाऱ्यांची संख्या थोडी नाही.

बदल मात्र खोलवर आहेत. मागील पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी मल्टिलिंक जोडणीसह कॉइल स्प्रिंगा आल्या. २.० लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन सुमारे १५० अश्वशक्ती आणि २.२ लिटरचे डिझेल इंजिन सुमारे १३० अश्वशक्ती देते. दोन्हींबरोबर सहा गतींचा हाती किंवा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळतो. गाडीची लांबी ३,९८५ मिमी, जमिनीपासूनची उंची २२६ मिमी असून ६५० मिमी खोल पाण्यातून ती जाऊ शकते. कापडी छपराबरोबर टणक छपराचाही पर्याय देण्यात आला. जुन्या जीपच्या मालकाला चैनीचे वाटावे असे हे टणक छप्परच पुढे शहरी ग्राहकांनी पसंत केले.

नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत थारला प्रौढ व बालक या दोन्ही गटांत चार तारे मिळाले. मागे आडव्या बाकांची सहा आसनी आवृत्ती त्यानंतर थोड्याच काळात विक्रीच्या यादीतून वगळण्यात आली. पुनरुज्जीवनात जुन्या जीपचे जे एक अंग खऱ्या अर्थाने नाहीसे झाले, ते हेच.

जानेवारी २०२३ मध्ये केवळ मागील चाकांना शक्ती देणारी स्वस्त आवृत्ती आली. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि दीड लिटरपर्यंतचे डिझेल इंजिन असलेल्या गाडीवर कर कमी पडतो. म्हणून तिच्यात १.५ लिटरचे डिझेल इंजिन ठेवण्यात आले. त्याच वर्षी मार्चमध्ये दुसऱ्या पिढीच्या उत्पादनाने एक लाखाचा टप्पा गाठला. पाच दारांची 'थार रॉक्स' १५ ऑगस्ट २०२४ रोजी सादर झाली.

नाशिकमधील उत्पादन

सातपूर औद्योगिक वसाहतीतील हा कारखाना १९८०च्या दशकापासून कार्यरत आहे. २००२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ येथेच तयार झाली व तिच्यामुळे नाशिकचे नाव वाहन उद्योगात रुजले. सातपूर आणि अंबड येथे सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मध्यम उद्योगांचे जाळे आहे, तर कंपनीचा इंजिन कारखाना जिल्ह्यातच इगतपुरी येथे आहे.

रूपाविषयीचा वाद

जुने रूप पुन्हा वापरताना ते कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला. महिंद्राने २०१८ मध्ये अमेरिकेत काढलेल्या 'रॉक्सर' या शेतावर व आडवाटेवर चालवण्याच्या गाडीविरुद्ध जीप या नाममुद्रेची तत्कालीन मालक फियाट क्रायस्लर हिने तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. आक्षेप चौकोनी बांधा, सपाट उभ्या बाजू, बॉनेटच्या उघड्या कड्या अशा गोष्टींवर होता. जून २०२० मध्ये आयोगाने कंपनीविरुद्ध निर्णय दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रूप बदललेल्या रॉक्सरला मात्र मोकळीक मिळाली. २०२१ मध्ये थारबाबत ऑस्ट्रेलियात असाच वाद उद्भवला, तेव्हा तत्कालीन स्वरूपातील गाडी पूर्वसूचना दिल्याशिवाय तेथे आणणार नाही, असे महिंद्राने न्यायालयास कळवले. विलीजचा परवाना घेऊन याच बांध्याची गाडी भारतात तीन पिढ्या बनत आली होती. तरीही परदेशी बाजारात त्या वारशाचा दाखला पुरेसा ठरला नाही.