आढ्यावरनं उंदीर पडला की

आज्जीला सन ठाऊक नसायचे. तिची सासू पहिल्या 'पलेगात' परकरी पोर होती, चुलतसासरा 'मानमोडीत' गेलेला. मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएंझा, हे मला फार उशिरा कळलं.

गडमुडशिंगीतल्या घरी शेंगा फोडता फोडता ती सासूचीच गोष्ट सांगायची. "माणूस मरायची वाट कोण बघतंय? आढ्यावरनं उंदीर पडला की गाव उठायचं." गुरंढोरं, कोंबड्या, पाटा-वरवंटासुद्धा माळावर. तिथं खोपटी. मागं घराची कौलं उतरून ठेवायची, आत ऊन जावं म्हणून. मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू माणसाकडं वळते, हे आज्जीला कुणी शिकवलं नव्हतं. आधी उंदीर, मग माणूस, एवढा क्रम मात्र पक्का. पुण्यात हेच काम सोजीर घरात घुसून करायला लागले, तेव्हा 1897 च्या जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली.

आता आमचा उंदीर म्हणजे पुराची पातळी सांगणारा राजाराम बंधारा. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. पावसाळ्यात कोल्हापुरात रामराम घालायच्या आधी "किती फूट?" विचारतात. विचारतात, आणि बसून राहतात.

प्रयाग चिखलीची माझी आत्ती 2019 च्या ऑगस्टात अशीच बसली. 2005 ला पाणी तिच्या दुसऱ्या पायरीला टेकून परतलं होतं, तोच तिचा हिशोब. त्या वर्षी बंधारा 55 फुटांच्या पुढं गेला. तिला होडीतनं काढलं, म्हशी दाव्यालाच राहिल्या.

पूर ओसरल्यावरचं आपल्याला छान जमतं. लेप्टोसाठी डॉक्सीच्या गोळ्या आल्या, टीसीएल पावडर आली. आशाताईनं नळीतल्या पाण्यात क्लोरीन तपासायच्या ओटीचा थेंब टाकला, पाणी पिवळं झालं, तेव्हा कुठं आत्तीनं हंडा भरला. पण आधी उठायचं? चिखलीकरांना सोनतळीला जागा आहे, तरी पाय निघत नाही. हट्ट म्हणून सोडून देतात. मला विचाराल तर गोठ्याचा प्रश्न आहे. प्लेगात गुरांसकट गाव हललं होतं.

2021 च्या जुलैत बंधारा चाळिशीलाही पोचला नव्हता, आणि आत्तीचा फोन: "आईचा गोठा झाडून ठेव. दोन म्हशी टेम्पोत चढवल्यात. वैरण हाय न्हवं?"