खेळाडूनिर्मित खाद्यपदार्थ (संसारखेळांतील)

संसाराची नक्कल असलेल्या खेळात खेळणाऱ्याने स्वतः योजून घडवलेला खाण्याचा पदार्थ. महाराष्ट्रात त्याचे ओळखीचे रूप भातुकलीत आढळते. संगणकीय खेळांत हेच काम ‘मॉड’ (मूळ खेळात खेळणाऱ्यांनी घातलेली भर किंवा बदल) करतात.

भातुकली : संग्राहकांचे लक्ष मुख्यतः भांड्यांकडे गेले आहे. पितळी बंब, घंगाळे, सोऱ्या, जाते, पाटा-वरवंटा. तसेच सावंतवाडीची लाखेने रंगवलेली लाकडी भांडी आणि फळे जपली गेली. पदार्थ संध्याकाळपर्यंतही टिकत नाहीत, म्हणून त्यांची नोंद तुटपुंजी राहिली. खेळाची खरी कल्पकता मात्र त्यांतच आहे. भांडे बाजारातून येते, पदार्थ अंगणात शोधावा लागतो.

साहित्य परिसराप्रमाणे बदलते. राजपुरी खाडीच्या तोंडाशी असलेल्या दिघीपासून (ता. श्रीवर्धन, जि. रायगड) श्रीवर्धनकडे नारळ-सुपारीच्या वाड्या असल्याने करवंटीचे पातेले आणि शिंपल्याची पळी सहज मिळते. वाळूचा भात, ओल्या मातीचे लाडू, विटेच्या चुऱ्याचे तिखट, पानाची पोळी, मायाळूच्या पिकल्या फळांचे जांभळे सरबत हे रूढ प्रकार. निवड मनमानी नसते : तिखट लालच हवे, भाताचा दाणा सुटा हवा. नवा पदार्थ इतरांनी खोटा-खोटा खाऊन दाखवला की तो मान्य होतो. ही मान्यता सर्वांत महत्त्वाची. तिच्यावाचून पदार्थ नुसती माती.

खऱ्या स्वयंपाकाची भातुकलीही असते : घरोघरची मूठमूठ डाळ-तांदूळ, तीन दगडांची चूल.

बाहुला-बाहुलीचे लग्न : पंगतीला बहुधा खरा खाऊ.

संगणकीय खेळ : ‘द सिम्स’ मालिका २००० मध्ये सुरू झाली. ‘द सिम्स ४’च्या (२०१४) संगणक आवृत्तीत मॉड चालतात, कन्सोलवर नाही. नव्या पदार्थासाठी ताटातली आकृती, तिचे रंग, यादीतले चित्र आणि पाककृतीची नोंद तयार करावी लागते. खेळ अद्ययावत झाला की मॉड आपोआप बंद होतात. पुन्हा सुरू केल्यावरही काही बिघडलेले निघतात आणि ते करणाऱ्यालाच दुरुस्त करावे लागतात.

‘स्टारड्यू व्हॅली’त (२०१६) ‘कंटेंट पॅचर’ या साहाय्यक मॉडमुळे प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही पदार्थ घालता येतो : नाव, चित्र, जिन्नस आणि खाल्ल्यावर मिळणारी ऊर्जा एवढे लिहून द्यायचे. तांदूळ आणि नारळ मूळ खेळातच असल्याने उकडीच्या मोदकाची निम्मी तयारी झालेली आहे. गूळ मात्र त्यात नाही. तो आधी घडवावा लागतो.