एका टबाचे दोन मजूर

मंडळी, कोळसा खाणीतल्या एखाद्या घराण्याचा इतिहास शोधायला आपण बसलो, तर हाती काय लागेल? बहुधा मजुरीचा हिशेब. पुरुषाचं नाव आणि पुढे टबांची संख्या. टब म्हणजे खाणीतल्या रुळांवरून चालणारा कोळशाचा छोटा डबा. मजुरी तासांवर नव्हे, तर भरलेल्या टबांवर ठरायची.

आता गंमत बघा. झरिया-राणीगंजच्या पट्ट्यात शंभर वर्षांपूर्वी हा टब बहुतेक वेळा दोघं मिळून भरत. नवरा कोळसा तोडायचा, त्याला तिकडे ‘मलकट्टा’ म्हणत. बायको तो टोपलीत घेऊन डोक्यावरून टबापर्यंत न्यायची, ती ‘कामिन’. संथाळ, बाउरी अशा समाजांतली ही जोडपी जोडीनंच खाणीत उतरत. बायकोशिवाय खाली जायला पुरुष तयार नसत, अशी मालकांचीही तक्रार असे. मालकांची काळजी अर्थात कोळशाची होती, संसाराची नव्हे. तेव्हा हिशेबात दिसणारा एक मजूर म्हणजे प्रत्यक्षात दोन माणसं, हे आपण आधी पक्कं करू. नाहीतर या घरातली बाई आपल्याला फक्त ‘अमक्याची पत्नी’ म्हणूनच भेटेल.

तिचा माग लागतो तो कायद्यांत. 1923 च्या खाण कायद्यानं तेरा वर्षांखालच्या मुलांना जमिनीखाली बंदी घातली. कामाला तर नाहीच, नुसतं बरोबर नेणंही बंद. कायदा चांगलाच होता. पण तान्हं मूल असलेल्या कामिनीनं ते कुठं ठेवायचं, याची सोय त्यात नव्हती. मग 1929 चे नियम आले. बायकांना जमिनीखालून टप्प्याटप्प्यानं बाहेर काढायचं ठरलं. बंगाल, बिहार-ओरिसा आणि मध्य प्रांतातल्या कोळसा खाणींना मुदत मिळाली: खालच्या मजुरांत बायकांचं प्रमाण 29 टक्क्यांपासून दरवर्षी तीन टक्क्यांनी उतरवत न्यायचं. (आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, म्हणजे ही गोष्ट अगदीच परमुलखाची नाही.) मुदत 1939 पर्यंत होती, पण 1937 मध्येच बंदी पूर्ण झाली.

बंदी दयेपोटी आली, हे खरंच. खाली अंधार, धूळ, छत कोसळण्याची भीती. पण घरात काय झालं? टब भरायला आता दुसरा पुरुष लागला आणि त्याला टबाच्या पैशातला वाटा द्यावा लागला. जो वाटा कालपर्यंत घरातच राहायचा, तो घराबाहेर गेला. वर बायकांना काम होतं, पण खालून आलेल्या सगळ्यांना पुरेल इतकं नाही. मजुरीचा दर न बदलता घराची कमाई घटली, आणि हे टबांच्या आकड्यात कुठंच दिसत नाही.

पुढे महायुद्ध आलं. लष्करी बांधकामांवर जास्त मजुरी मिळू लागल्यावर मजूर खाणी सोडून तिकडे गेले, कोळसा कमी पडला, आणि 1943 मध्ये बंदी उठवली गेली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. डिसेंबर 1943 मध्ये ते स्वतः धनबादच्या खाणी पाहून आले. 1944 च्या फेब्रुवारीत विधिमंडळात या निर्णयावर टीका झाली, तेव्हा त्यांनी ही तात्पुरती निकड असल्याचं सांगितलं आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याची अट पुढे केली. आमच्या मते या सगळ्या प्रकरणात बाईकडे स्वतंत्र मजूर म्हणून पाहणारी ही दुर्मीळ जागा आहे. 1946 च्या फेब्रुवारीत बंदी परत लागू झाली.

आता समजा, एक कामिन 1905 च्या सुमारास जन्मली. नियम आले तेव्हा ती चोवीस वर्षांची. बत्तिसाव्या वर्षी बाहेर, अडतिसाव्या वर्षी पुन्हा आत, एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा बाहेर. तिला कोणी विचारलं नाही. तिच्या नवऱ्याच्या नावापुढे मात्र टब पडतच राहिले.

1952 च्या खाण कायद्यानं ही बंदी कायम ठेवली. 2019 मध्ये बायकांना पुन्हा जमिनीखाली जाण्याची मुभा मिळाली, ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी. टोपलीनं टब भरणं त्यात नव्हतं.