कूटकाराचे इमान

कोडे घालणारा मनुष्य दुसऱ्यास फसवितो व सोडविणारा ती फसवणूक पकडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती निम्मीच खरी होय. चोर आणि कूटकार दोघेही वस्तू लपवितात. परंतु ती कधीच सापडू नये अशी चोराची इच्छा असते, तर ती सापडावी, मात्र उशिरा सापडावी, अशी कूटकाराची इच्छा असते. या एका भेदामुळे कूटकारास काही बंधने पाळावी लागतात. ती बंधने कशी घडली आणि ती नसली म्हणजे काय होते, हे इंग्लंडातील कूट शब्दकोड्यांच्या इतिहासात स्वच्छ दिसते. सबब तो इतिहास थोडक्यात वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय आपणांस अगदी परका नाही. वात्स्यायनाने ६४ कलांत प्रहेलिकेची गणना केली आहे. दंडीने काव्यादर्शात तिचे तीन उपयोग सांगितले आहेत: रसिकांच्या बैठकीतील विनोद, गर्दीत राहून करावयाचे गुप्त खलबत, आणि परक्यास बुचकळ्यात पाडणे. १६ प्रकारच्या प्रहेलिका सांगून झाल्यावर, पूर्वाचार्यांनी याखेरीज १४ दुष्ट प्रहेलिकाही मानल्या आहेत, असे तो नमूद करतो. म्हणजे कोडे नुसते अवघड असून भागत नाही, ते निर्दोषही असावे लागते, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे.

आजच्या शब्दकोड्याचा जन्म मात्र अमेरिकेतला. मूळचे लिव्हरपूलचे आर्थर विन यांनी न्यूयॉर्क वर्ल्ड या पत्राच्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात शंकरपाळ्याच्या आकाराचे एक कोडे छापले. त्यातील सूत्रे साधी होती: अर्थ वाचावा आणि शब्द लिहावा. दहा-बारा वर्षांत हा खेळ समुद्र ओलांडून इंग्लंडात आला आणि तेथे त्याचे स्वरूप पालटले. इंग्रज कूटकारांनी सूत्राच्या एका टोकास उत्तराचा अर्थ ठेविला, उरलेल्या शब्दांत त्याच उत्तराची घडण दडविली, आणि दोन्हींवर एका भलत्याच अर्थाचे पांघरूण घातले.

ही रीत इंग्रजी उदाहरणांनी समजावून सांगणे कठीण. म्हणून काही सूत्रे आम्ही मराठीतच रचून देतो. ‘नाजूक मलमलीत लपलेले फूल’. उत्तर तीन अक्षरी. वाचकांच्या डोळ्यांपुढे झिरझिरीत वस्त्र येईल. परंतु ‘नाजूक’चे शेवटचे अक्षर आणि ‘मलमलीत’ची पहिली दोन एकत्र वाचली की ‘कमल’ हाती लागते. ‘कशासाठी युद्ध? निमित्त सांगा.’ येथे ‘का’ आणि ‘रण’ जोडले असता ‘कारण’ होते. ‘नेहमी उलटणारा दास’ म्हणजे कोणी कृतघ्न चाकर नव्हे. ‘दास’ हा शब्दच उलटा वाचावयाचा, म्हणजे ‘सदा’. आणि ‘विस्कटून विकता ते काव्य’ यात ‘विकता’ची अक्षरे विस्कटली की ‘कविता’ मिळते. इंग्रजी वर्ण सुट्या मण्यांसारखे, कोठेही ओवावेत असे असतात. आपली अक्षरे काना, मात्रा, वेलांटी बरोबर घेऊन हिंडतात. त्यामुळे हा चौथा प्रकार मराठीत अधिक दुर्मिळ होय.

या कलेस इंग्लंडात पूर्णत्वाने कूट रूप देणारे गृहस्थ एडवर्ड पॉविस मॅदर्स. १९२६ पासून ते ऑब्झर्व्हर या साप्ताहिकात टॉर्केमाडा या नावाने कोडी घालीत. टॉर्केमाडा हा स्पेनमधील धर्मन्यायपीठाचा पहिला प्रमुख, छळाविषयी कुप्रसिद्ध. नाव अर्थातच थट्टेने घेतलेले. आपल्या वाचकांस कौतुक वाटेल अशी गोष्ट ही की, याच मॅदर्स यांनी बिल्हणाच्या चौरपंचाशिकेचे ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’ हे स्वैर इंग्रजी रूपांतर १९१९ साली प्रसिद्ध केले होते. त्यांचे वाचन अफाट आणि कल्पकता विलक्षण होती; परंतु सोडविणाऱ्यास किती द्यावयाचे याचा त्यांचा असा काही ठराव नव्हता. उत्तर सापडले तरी तेच का, हे कित्येकदा अखेरपर्यंत उमगत नसे. १ फेब्रुवारी १९३० रोजी टाइम्स पत्रानेही आपले कोडे सुरू केले आणि खेळ घरोघरी पोहोचला; नियम मात्र ठरावयाचे होते.

मध्यंतरी महायुद्ध आले आणि दंडीच्या दुसऱ्या उपयोगाचा प्रत्यय आला. जानेवारी १९४२ मध्ये डेली टेलिग्राफ पत्राने १२ मिनिटांत कोडे सोडविण्याची स्पर्धा भरविली. त्यानंतर स्पर्धकांपैकी काहींस युद्धखात्याची पत्रे आली आणि ते ब्लेचली पार्क येथे शत्रूच्या सांकेतिक संदेशांच्या कामास लागले. १९४४ च्या मे महिन्यात व जूनच्या आरंभी त्याच पत्राच्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी व नेपच्यून हे शब्द उत्तरे म्हणून आले. हे सारे नॉर्मंडीवरील स्वारीचे गुप्त संकेत होते! कूटकार लेनर्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक. त्यांची कसून चौकशी झाली, पण हेरगिरीचा मागमूस लागला नाही. रिकाम्या चौकटींत ते विद्यार्थ्यांकडून शब्द भरून घेत आणि मुलांनी ते शब्द जवळच्या सैनिकांच्या तोंडून ऐकले होते, असे एका माजी विद्यार्थ्याने पुढे १९८४ साली सांगितले.

नियम ठरले ते दोन शिक्षकांच्या हातून. ए. एफ. रिची हे पाद्री व शिक्षक ॲफ्रिट या नावाने कोडी घालीत. कूटकाराच्या वाक्याचा वरवरचा अर्थ त्याच्या मनात असलाच पाहिजे असे नाही, पण मनातला अर्थ त्याच्या शब्दांतून निघालाच पाहिजे, असे तत्त्व त्यांनी १९४९ साली एका पुस्तकात मांडले. १९३९ मध्ये मॅदर्स निवर्तल्यावर त्यांच्या जागी ग्रीक-लॅटिनचे अध्यापक डेरिक मॅकनट आले होते. त्यांनी झिमेनीझ या दुसऱ्या धर्मन्यायाधीशाचे नाव घेतले, पण काम केले ते न्यायाचेच. १९६६ सालच्या त्यांच्या ग्रंथाचे सार असे: सूत्रात उत्तराचा नेमका अर्थ असावा, घडणीची प्रामाणिक खूण असावी, आणि याखेरीज काहीही नसावे. वरील सूत्रात ‘उलटणारा’च्या जागी आम्ही ‘कृतघ्न’ हा शब्द घातला असता, तर वाक्याचा देखावा तोच राहिला असता, परंतु शब्द उलटा करण्याची आज्ञा नाहीशी झाली असती. हीच दुष्ट प्रहेलिका. १९७२ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या जोनाथन क्राउदर यांनी डेझा या तिसऱ्या न्यायाधीशाचे नाव उलटे वाचून अझेड हे नाव धारण केले.

हा सूक्ष्म विचार रिकामपणाचा उद्योग वाटत असेल, तर आपल्याच देशाकडे पाहावे. स्वातंत्र्याच्या आगेमागे येथे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा मोठा व्यापार चाले. त्यांत एकाच जागी दोन शब्द सारखेच शोभत. ‘खरे’ उत्तर चालकाच्या मोहोरबंद पाकिटात असे, आणि प्रवेशमूल्य भरणाऱ्याने अदमास बांधावयाचा. १९४८ साली मुंबई सरकारने या व्यापारावर कायदा केला. १९५५ च्या मध्यवर्ती कायद्याने महिन्यास एक हजार रुपयांवरील बक्षिसे बंद केली. तो वाद चमारबागवाला यांच्या खटल्यांतून सर्वोच्च न्यायालयात गेला. आणि ज्या स्पर्धेतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नाही ती जुगारच होय, असा निर्णय १९५७ मध्ये झाला. उत्तर शब्दांत आहे की पाकिटात, हा प्रश्न रिची यांस जितका महत्त्वाचा वाटला तितकाच न्यायमूर्तींसही वाटला. एकाने तो करमणुकीसाठी सोडविला, दुसऱ्यांनी लोकांच्या पैशासाठी. उत्तर एकच आले.

या इमानाची शक्ती किती, याचे एक उदाहरण सांगून लेख पुरा करतो. गार्डियन पत्रात अनेक दशके अराउकारिया या नावाने कोडी घालणारे जॉन ग्रॅहम हेही पाद्री होते. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांनी एका कोड्याच्या आरंभी लिहिले की आपणांस अमुक क्रमांकाचे उत्तर झाले आहे आणि त्यावर तमुक क्रमांकांचा उपचार चालू आहे. वाचकांनी नेहमीप्रमाणे पेन्सिल घेतली आणि एकेक अक्षर भरीत गेले. चौकटीत अन्ननलिकेचा कर्करोग हे शब्द उमटले, आणि बरे करणारा नव्हे, केवळ वेदना शमविणारा उपचार आहे, हेही उमटले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते वारले. ही बातमी त्यांनी लपविली असे कोणी म्हणणार नाही. जन्मभर ज्या माणसाच्या प्रत्येक शब्दाचा हिशेब लागला होता, त्याचा हाही शब्द वाचकांनी पुरता मानला, आणि तो स्वतःच्या हाताने लिहिला.