सातारा (आगबोट)

‘ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन’ कंपनीची, १९०१ मध्ये स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे डेनी यांच्या गोदीत बांधलेली, उतारू व माल अशी दुहेरी वाहतूक करणारी आगबोट. आपल्या जहाजांना हिंदुस्थानातील, बहुधा आकारान्त, स्थलनामे देण्याच्या कंपनीच्या प्रघातामुळे, सह्याद्रीच्या रांगेने समुद्रापासून तोडलेल्या गावाचे नाव तिला मिळाले, हे मौजेचेच. तिचे टनमान, म्हणजे १०० घनफुटांस एक टन या हिशेबाने मोजलेले बंदिस्त आकारमान, ५,००० टनांवर होते. २० एप्रिल १९१० रोजी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यालगत, सील रॉक्सजवळ, लाटांखाली दडलेल्या ‘एडिथ ब्रेकर’ या खडकावर आदळून ती बुडाली. जीवितहानी मात्र झाली नाही. तिचे अवशेष ४० मीटरांहून अधिक खोलीवर असल्याने तेथे केवळ अनुभवी पाणबुडेच उतरतात.