झीलकरी आणि यंत्र



यंत्र आले की माणसाचे काम जाते, असे आम्ही चळवळीतली माणसे नेहमी म्हणतो. ते अर्धेच सत्य आहे. उरलेले अर्धे आवाजाच्या पुनरावृत्तीच्या इतिहासात सापडते.

आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीपासून वडसा-गडचिरोलीपर्यंत, धान घरात आले की रात्र-रात्र नाटके चालतात. त्यांच्याही आधीपासून येथे दंडार व खडी गंमत आहे. शाहिराने ओळ टाकावी, झीलकऱ्यांनी ती उचलून घोळवावी, तेवढ्यात शाहिराने दम घ्यावा. एका गळ्याला दुसऱ्या गळ्यांचा आधार, अशी ही व्यवस्था होय.

हे काम यंत्राकडून करून घेण्याची वाट टेपरेकॉर्डरने मोकळी केली. १९६३ साली पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओच्या स्टुडिओत टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराला वाद्याचा आवाज पुनःपुन्हा परतून यायला हवा होता. तेथील तंत्रज्ञाने एकच फीत दोन टेपरेकॉर्डरांतून ओवली. पहिल्यावर मुद्रण व्हावयाचे, दुसऱ्यावर ते ऐकू यावयाचे आणि पुन्हा पहिल्याकडे जावयाचे. यंत्रांत अंतर जितके अधिक, तितका आवाज उशिरा परते आणि थरावर थर चढे. संगीतकाराचे नाव गाजले. तंत्रज्ञाचा उल्लेख मात्र बहुधा ‘एक तंत्रज्ञ’ एवढाच होतो.

आज हेच काम पायाखालची एक लहान पेटी करते. तिला लूपर म्हणतात. कळ दाबून ओळ मुद्रित करावी, पुन्हा दाबली की ती फिरू लागते. मग एकटा गायक तिच्यावर ठेका, सूर, झील चढवितो. परंतु मांडणी चुकली की सारे फसते. घुमारा देणारे यंत्र लूपरच्या आधी जोडले, तर घुमारा आवाजातच मुद्रित होतो आणि मागाहून काढता येत नाही. नंतर जोडले, तर तो सगळ्या थरांवर एकदम पसरतो. नाटकात वरून टांगलेला माईक येथे कुचकामी, कारण कर्ण्यातून येणारी जुनी ओळही तो पुन्हा टिपतो आणि गोंगाट माजतो. माईक ओठांजवळचा, एकाच दिशेचा आवाज घेणारा हवा, आणि कर्णा त्याच्या पाठीशी.

तात्पर्य, झीलकऱ्याचा गळा यंत्राने घेतला, तरी त्याला मांडणारे जाणते हात लागतातच. शाहिराने लय बदलली, तर झीलकरी त्याचा चेहरा पाहून सावरतो. यंत्राला चेहरा दिसत नाही. तेथे आवाजवाल्यालाच सावध राहावे लागते.

२०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपणा सर्वांची मान उंचावली. आता नाटकाच्या हँडबिलावर रात्रभर जागणाऱ्या आवाजवाल्याचे नाव छापा आणि त्याची मजुरी आधी ठरवा. पॅरिसच्या त्या तंत्रज्ञाप्रमाणे आपला माणूस बिननावाचा राहता कामा नये.